पेट्रोलला टॉनिक कशाला?



नेहमी या पानावर आपले बोलणे होते ते खते, बियाणी, कीड आणि रोग यांच्याविषयी. आज जरा वाट वाकडी करून पेट्रोलविषयी बोलणार आहे. साहेब आता गॅरेज काढणार की काय, असे म्हणून हसू नका. आज वाडीवस्तीवर दारात बैलजोडी क्वचित दिसते, मोटारसायकल मात्र घरटी एक आहे. कुणाकडे माल वाहायला जुनी व्हॅन आहे, कुणाच्या पडवीत पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप टांगलेला आहे. घरखर्चाच्या वहीत खताच्या खालोखाल ओळ असते ती पेट्रोलची. मग त्या पैशाचा विचार या पानावर का होऊ नये?

निमित्तही तसेच घडले. मागे शिवारफेरीला गेलो असता एका भाजीपाला बागायतदाराच्या घरी चहाला थांबलो. ओट्यावर आठ लहान रिकाम्या बाटल्या रांगेने मांडून ठेवलेल्या. मला वाटले, कीटकनाशकाच्या असाव्यात. मी जरा रागावूनच म्हणालो, "वहिनी, औषधाच्या बाटल्या घरात ठेवू नका म्हणून किती वेळा सांगायचे?"

वहिनी म्हणाल्या, "साहेब, ही पिकाची औषधं नाहीत. ही आमच्या गाडीची टॉनिकं. एकेक चारशे रुपयाला. मुद्दाम मांडून ठेवलीत, यांना येता-जाता दिसावीत म्हणून."

अण्णा खाली मान घालून चहा पीत होते. मग हळूहळू सगळी हकिगत बाहेर आली. त्यांची जुनी पेट्रोल व्हॅन मालाने भरली, की बाजाराच्या वाटेवरच्या चढणीला 'टक् टक् टक्' असा आवाज करू लागे. लोखंडी डब्यात खडे घालून हलवावे तसा. एका दुकानदाराने सांगितले, "पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडतो. दर टाकीला ही बाटली ओता, गाडी नव्यासारखी पळेल." पहिल्या दोन बाटल्यांनी आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला. पुढे तो पुन्हा सुरू झाला आणि गाडी झटके देऊ लागली. आठव्या बाटलीनंतर एका पहाटे पंचवीस क्रेट टोमॅटो घेऊन गाडी चढणीवरच बंद पडली. दुसरी गाडी मिळून माल बाजारात पोहोचेपर्यंत लिलाव आटोपले होते. उरल्यासुरल्या भावात माल द्यावा लागला. दुधाच्या पगारातले ३,२०० रुपये बाटल्यांत गेले आणि वर एका तोड्याचे नुकसान. वहिनींनी कॅलेंडरवर तारखेसकट हिशेब लिहून ठेवला होता.

मी शेतीचा पदवीधर, मिस्त्री नव्हे. पण "औषध मारले तरी रोग हटत नाही" अशी तक्रार आली, की आधी रोग ओळखला होता का, हे विचारायची मला सवय आहे. म्हणून तालुक्याच्या एका जुन्या, जाणत्या मिस्त्रीला घेऊन पुन्हा अण्णांकडे गेलो. त्याने काय शोधून काढले ते शेवटी सांगतो. आधी हा ऑक्टेन म्हणजे काय ते समजून घेऊ.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

पेट्रोल इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते. पिस्टन वर येऊन ते दाबतो आणि अगदी नेमक्या वेळी प्लगची ठिणगी पडते. मग जाळ प्लगपासून चोहोकडे सरकत जातो आणि पिस्टनला खाली रेटतो.

पाचट जाळू नका असे मी आयुष्यभर सांगत आलो आहे, तरी उदाहरणापुरते पाचटच घेऊ. एका कडेने पेटवले तर जाळ एका ओळीत पुढे सरकतो. पण समजा, तो पोहोचण्याआधीच पलीकडच्या कोपऱ्यातले पाचट उष्णतेने आपोआप भडकले, तर? इंजिनात असेच घडते. जाळ पोहोचण्याआधी उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटते आणि पिस्टनच्या माथ्यावर हातोडा मारल्यासारखा ठोका बसतो. तोच तो 'टक् टक्' आवाज. असे जोराचे ठोके बरेच दिवस बसत राहिले, तर पिस्टनला भोकसुद्धा पडते.

असे वेळेआधी आपोआप न पेटण्याचा जो गुण पेट्रोलमध्ये असतो, त्याचे माप म्हणजे ऑक्टेनचा आकडा. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव सहसा ठोके देत नाही, त्याला १०० गुण दिले. हेप्टेन नावाचा द्रव लगेच ठोके देतो, त्याला शून्य. ठरावीक चाचणी इंजिनात एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले, की त्याचा आकडा ९१.

नीट पाहा, या आकड्यात ताकदीचा उल्लेख कुठेच नाही. इथेनॉलचा, म्हणजे आपल्या उसाच्या मळीपासून होणाऱ्या मद्यार्काचा, ऑक्टेन १०० च्या वर आहे. पण त्याच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. आकडा मोठा म्हणजे जोर मोठा, हा समज किती चुकीचा आहे ते यावरून कळेल.

ज्या गाडीच्या निर्मात्याने ९१ ऑक्टेन मागितला आहे, तिला ९१ पुरतो. काही नव्या, जास्त दाबाच्या इंजिनांना अधिक लागतो आणि तसे त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. आपल्या साध्या गाडीत त्याहून जास्त घालणे म्हणजे माती परीक्षणात नत्र भरपूर निघालेल्या रानात आणखी युरिया फेकणे. खर्च वाढतो, उतारा वाढत नाही.

बाटलीत असते तरी काय?

अशा बाटल्यांत बहुधा तीन प्रकारची द्रव्ये असतात. काहींत मँगनीजचे संयुग असते, काहींत फेरोसीन नावाचे लोहाचे संयुग आणि काहींत टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावणे. ही द्रव्ये ऑक्टेन वाढवतात हे खोटे नाही. पण किती वाढवतात आणि मागे काय ठेवतात, हे पाहायला हवे.

मँगनीज आणि लोह जळून नाहीसे होत नाहीत. त्यांची राख तांबूस थराच्या रूपाने प्लगवर बसते. थर जाड झाला, की वीज ठिणगी न पाडता थरातूनच निसटून जाते आणि गाडी झटके देऊ लागते. अण्णांच्या गाडीचे प्लग काढले, तर त्यांच्या पांढऱ्या चिनी मातीवर विटकरी लेप चढला होता. अलीकडच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे जे यंत्र सायलेन्सरच्या वाटेवर असते, त्यालाही असा थर चांगला नाही आणि ते यंत्र महागडे असते.

बाटलीवरच्या आकड्यांतही एक मेख असते. 'पाच पॉइंट वाढ' असे लिहिलेले असले, की आपण समजतो ९१ चे ९६ झाले. या धंद्यात पुष्कळदा दहा पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक आकडा धरतात. तेव्हा पाच पॉइंट म्हणजे अर्धा आकडा. ९१ चे साडेएक्याण्णव! खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के वाचायला आपण शिकलो, तसे हेही वाचायला शिकले पाहिजे.

गावठी उपायही पुष्कळ चालतात. पेट्रोलच्या टाकीत डांबराच्या गोळ्या टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. जुन्या काळच्या नॅप्थलीनच्या गोळ्यांनी ऑक्टेन थोडा वाढत असे, पण थंडीत त्याचे खडे धरून नळी तुंबे. आता पुष्कळ गोळ्या क्लोरीनयुक्त निराळ्याच द्रव्याच्या असतात. ते इंजिनात जळले, की आम्ल तयार होऊन धातू खाते. भगिनींनो, त्या गोळ्या कपाटातच राहू द्या आणि तिथेही मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट

ठोक्यांवर औषध घालण्याची कल्पना आजची नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरी, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाचा संशोधक याच दुखण्यामागे लागला होता. डिसेंबर १९२१ मध्ये त्याला शिशाचे एक संयुग सापडले, टेट्राएथिल लेड. गॅलनभर पेट्रोलला चहाचा चमचाही भरणार नाही इतके ते घातले, की ठोके बंद! १९२३ च्या फेब्रुवारीत ते बाजारात आले. नाव ठेवले 'एथिल'. त्यात शिशाचा उल्लेखच नव्हता.

शिसे विषारी असते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. खुद्द मिजलीला त्याची बाधा होऊन विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी मिजलीने वार्ताहरांसमोर ते हातावर ओतून आणि हुंगून दाखवले, की पाहा, काही होत नाही.

मद्यार्कानेही ठोके थांबतात, हे मिजलीला माहीत होते. पण मद्यार्क बराच मिसळावा लागतो आणि तो कुणीही गाळू शकतो. शिसे थोडके पुरे, स्वस्त पडे आणि त्याचे हक्क कंपनीच्या हाती राहत. झाले, जगभर शिशाचे पेट्रोल गेले. गाड्यांच्या धुरातून ते हवेत, धुळीत आणि माणसांच्या रक्तात उतरले. सर्वांत जास्त बाधा झाली लहान मुलांना, कारण वाढत्या मेंदूला शिसे थोडे असले तरी घातक. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने १९६५ साली दाखवून दिले, की माणसाच्या अंगातले शिसे निसर्गात असावे त्याच्या कितीतरी पट झाले आहे. तरी ते हटायला आणखी काही दशके गेली. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच सुरू झाले. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश होता अल्जीरिया. त्याने ते थांबवले २०२१ साली. एका शोधाचा निस्तार करायला शंभर वर्षे लागली.

हे वाचताना मला माझीच लाज वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तुरीवर, कपाशीवर एंडोसल्फान मारा, असे मीही बांधावर उभे राहून सांगितलेले आहे. शिफारशीत होते, अळी पटकन मरत होती. केरळात कासरगोड भागातल्या काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे फवारलेल्या त्याच औषधाने तिथल्या लोकांचे काय झाले, हे पुढे देशाने पाहिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. माझ्या शब्दाखातर ज्यांनी तो पंप पाठीवर घेतला, त्यांच्यापैकी कित्येक जण आजही रस्त्यात भेटले की राम राम घालतात. तेव्हापासून कोणतीही बाटली हातात घेतली, की मी दोन प्रश्न विचारतो. हिची गरज आहे का? आणि काम करून झाल्यावर ही कुठे जाते?

मिसळण पंपावरच झालेली असते

आता आपल्या जवळची गोष्ट. जो मद्यार्क शंभर वर्षांपूर्वी मागे पडला, तोच आज आपल्या पेट्रोलमध्ये आहे. त्याचा पहिला प्रायोगिक वापर २००१ साली ज्या ठिकाणी झाला, त्यांत आपल्या महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही दोन गावे होती. २००३ पासून महाराष्ट्र आणि गोवा धरून नऊ राज्यांत पाच टक्के मिसळण सुरू झाली. २०२२ साली देशात दहा टक्क्यांचा पल्ला गाठला आणि २०२५ साली वीस टक्क्यांचा. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वी ८८ होता, पुढे ९१ झाला आणि वीस टक्के इथेनॉलमुळे आता ९५ झाला आहे, असे सरकारने २०२५ साली सांगितले.

म्हणजे ऑक्टेन वाढवणारे द्रव्य पंपावरच मिसळून येते. त्यात काही भाग तुमच्याच उसाचा, मक्याचा असतो. मग त्यावर चारशेची बाटली ओतायची कशाला?

इथेनॉलचेही सगळेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अंदाज दिला आहे, की जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज वीस टक्के मिसळणीने सहा ते सात टक्के आणि दुचाकींचे तीन ते चार टक्के कमी होऊ शकते. उसाला पाणी किती लागते, हे तर तुम्हाला मी सांगायला नको. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग त्याने फुगतात किंवा कडक होतात. त्यासाठी काळजी घ्यायची, पण तिचा उपाय ऑक्टेनच्या बाटलीत नाही.

मग ठोके आले तर काय करावे?

१. आधी गिअर पाहा. भरलेली गाडी चढणीला वरच्या गिअरमध्ये रेटू नका. एक गिअर खाली घेतला, की पुष्कळदा ठोके तिथेच थांबतात.

२. इंजिन तापते का ते पाहा. रेडिएटरची जाळी चिखलाने, भुश्श्याने भरली असेल, पाणी किंवा कूलंट कमी असेल, तर ठोके येणारच.

३. प्लग पुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचाच बसवा. इंजिनातला कार्बन आणि ठिणगीचे टायमिंग मिस्त्रीकडून तपासून घ्या.

४. बाटलीत, कॅनमध्ये विकले जाणारे सुटे पेट्रोल घेऊ नका. रॉकेलची भेसळ झाली, की ऑक्टेन घसरतो. पंपावर शंका आली, तर फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचे माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. संकोच करू नका.

५. गाडीच्या पुस्तिकेत किती ऑक्टेन मागितला आहे ते वाचा. इंग्रजी अडचणीचे वाटले, तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना वाचायला लावा. तेवढाच त्यांचाही अभ्यास होईल.

६. फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र हंगाम संपल्यावर ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि राहिलेले पेट्रोल संपेपर्यंत यंत्र चालवा. महिनोन्‌महिने राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जमते आणि कार्बोरेटर धरतो.

७. ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये ऑक्टेनची बाटली चुकूनही ओतू नका. डिझेलने दाबाखाली आपोआप पेट घ्यावा, अशीच त्या इंजिनाची रचना असते. पेट्रोलचा जो गुण, तोच डिझेलचा दोष.

८. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. कुणाच्या, विशेषतः मुलाच्या पोटात पेट्रोल गेले, तर उलटी करवू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरते. तडक दवाखाना गाठा.

आता अण्णांच्या गाडीचे सांगतो. रेडिएटरची अर्धी जाळी वाळलेल्या गाळाने बुजली होती. इंजिनात कार्बन साचला होता. आणि पेट्रोल? वस्तीवरच्या टपरीवरून कॅनने यायचे. मिस्त्रीने ते हातावर घेऊन चोळले. बराच वेळ तेलकटपणा गेला नाही आणि वास आला तो रॉकेलचा. पंधरा-वीस रुपयांचा आणि पंपापर्यंतच्या फेऱ्याचा वाचलेला खर्च असा दामदुपटीने अंगावर आला होता. साफसफाई, नवे प्लग आणि मजुरी मिळून जो खर्च झाला, तो आठ बाटल्यांच्या निम्म्याहून कमी होता.

परवा अण्णा पहाटे बाजाराच्या वाटेवर भेटले. गाडी क्रेटने भरलेली, खालच्या गिअरमध्ये चढण शांतपणे चढत होती. वहिनी पुढे बसल्या होत्या. मी हात केला, तर काच खाली करून म्हणाल्या, "साहेब, ओट्यावरच्या बाटल्या भंगारात दिल्या. एक मात्र ठेवलीय, यांना दाखवायला."

तेव्हा मंडळी, तुमच्या ओट्यावरही अशा बाटल्या असतील, पिकाच्या असोत की गाडीच्या, तर एकदा घरातल्या सर्वांनी बसून त्यांचा हिशेब करा. आणि काय आढळले ते मला जरूर कळवा. पुढच्या अंकात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू, फवारणी पंपाचे नोझल कोणत्या पिकाला कोणते वापरावे, याकडे.